एका पायथन स्क्रिप्टमधला डेटा दुसऱ्या स्क्रिप्टला कसा द्यायचा?

शिकाऊ_उमेदवार

मंडळी, जरा अडलोय. माझ्याकडे दोन स्क्रिप्ट आहेत. पहिलीचं नाव 'गोळा'. तापमान मोजणाऱ्या सेन्सरांच्या ढीगभर लॉग फाइल ती वाचते, खराब ओळी गाळते आणि शेवटी 'नोंदी' नावाची डिक्शनरी तयार करते. सेन्सरचा क्रमांक ही की, आणि वेळ-तापमान अशा जोड्यांची लिस्ट ही व्हॅल्यू. दुसरी स्क्रिप्ट 'आलेख'. तिने ही डिक्शनरी घेऊन आलेख काढायचेत.

आलेखच्या पहिल्याच ओळीत 'फ्रॉम गोळा इम्पोर्ट नोंदी' असं लिहिलं. चालतं, पण गोळा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सगळ्या फाइल परत वाचल्या जातात, सगळे प्रिंट परत स्क्रीनवर येतात आणि बऱ्याच वेळाने आलेख दिसतो. आलेखाचा नुसता रंग बदलायचा म्हटलं तरी तेवढंच ताटकळायचं. बरं, गोळा एका टर्मिनलमध्ये चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये आलेख चालवली, तरी चालू असलेल्या गोळाने जमवलेलं काही येत नाही. तिची वेगळीच फेरी सुरू होते.

शोधाशोध केली तर कोणी म्हणतं सबप्रोसेस, कोणी पिकल, कोणी सॉकेट, एकाने तर थेट रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा वेगळा सर्व्हर) बसवायला सांगितलंय. डोकं भंजाळलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कोड इथे चिकटवला की इंडेंटेशनची वाट लागते म्हणून शब्दांतच लिहिलंय. उत्तरंही तशीच चालतील.)

खटपट्या – सोपं आहे

गोळाच्या शेवटी डिक्शनरी जेसन फाइलमध्ये (डेटा साध्या मजकुरात लिहायची ठरलेली पद्धत) लिहा, आलेखमध्ये ती फाइल उघडा. विषय संपला. एवढ्याशा कामाला रेडिस कशाला?

अर्धविराम – आधी इम्पोर्ट काय करतं ते बघा

खटपट्या यांचं उत्तर बरोबर आहे, पण धागाकर्त्याला मुळात कोडं पडलंय ते इम्पोर्टचं. ते सुटल्याशिवाय पुढच्या स्क्रिप्टमध्ये हाच घोळ परत होणार.

इम्पोर्ट म्हणजे 'त्या चालू स्क्रिप्टकडे जा आणि तिच्याकडचं व्हेरिएबल घेऊन ये' असं नव्हे. इम्पोर्ट म्हटलं की पायथन ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवतो, त्यातून तयार झालेली नावं एका मॉड्यूल ऑब्जेक्टमध्ये ठेवतो आणि ते मॉड्यूल 'सिस डॉट मॉड्यूल्स' या डिक्शनरीत नोंदवून टाकतो. म्हणून एकाच प्रोसेसमध्ये तेच मॉड्यूल दहा ठिकाणी इम्पोर्ट केलंत तरी फाइल एकदाच चालते. दुसऱ्या टर्मिनलमधली आलेख मात्र स्वतंत्र प्रोसेस आहे. तिची मेमरी वेगळी आणि तिच्या 'सिस डॉट मॉड्यूल्स'मध्ये सुरुवातीला गोळा नाही. तिच्या दृष्टीने गोळा अजून कधी चाललेलीच नाही, त्यामुळे ती चालवते. शेजारच्या प्रोसेसमधलं व्हेरिएबल तिला दिसायचा प्रश्नच नाही, ऑपरेटिंग सिस्टीम ते दिसू देत नाही.

आता करायचं काय, तर गोळामधलं सगळं काम एका फंक्शनमध्ये घाला. त्याला 'नोंदी_वाच' म्हणू. ते फोल्डरचा पत्ता घेईल आणि डिक्शनरी रिटर्न करेल. फाइलच्या तळाशी ती नेहमीची अट घाला, डंडर-नेम हे डंडर-मेनच्या बरोबर असेल तरच पुढचं चालव (डंडर म्हणजे नावाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर). फाइल थेट चालवली तर डंडर-नेमची किंमत डंडर-मेन असते, इम्पोर्ट केली तर मॉड्यूलचं नाव असतं. एवढं केलं की इम्पोर्ट झटक्यात होतो, काहीच आपोआप चालत नाही आणि डेटा हवा तेव्हा आलेखमधून फंक्शन बोलावता येतं.

जाता जाता दोन बारीक गोष्टी. फाइलच्या नावात मधे आडवी रेघ (हायफन) असेल किंवा नाव आकड्याने सुरू होत असेल, तर साध्या इम्पोर्टने ती घेता येत नाही. आणि 'फ्रॉम गोळा इम्पोर्ट नोंदी' केल्यावर आलेखमधलं 'नोंदी' हे नाव त्या क्षणीच्या ऑब्जेक्टला चिकटतं. पुढे गोळाने त्याच नावाला नवी डिक्शनरी दिली तर आलेखच्या हातात जुनीच राहते. बदलणारी गोष्ट असेल तर अख्खं मॉड्यूल इम्पोर्ट करून 'गोळा डॉट नोंदी' असं दरवेळी विचारावं.

फंक्शन केलं तरी वाचायला लागणारा वेळ तेवढाच राहणार, हे खरं. तिथे खटपट्या म्हणतात तशी फाइल लागेल. एकदा गोळा करा, निकाल लिहून ठेवा, आलेख हव्या तितक्या वेळा काढा.

मला खरं विचारायचंय ते हे, की तुमच्या दोन स्क्रिप्ट एकीनंतर एक चालणार आहेत की दोन्ही एकाच वेळी चालू असणार आहेत? पहिलं असेल तर फाइल पुरते. दुसरं असेल तर गोष्ट वेगळी आहे.

शिकाऊ_उमेदवार – जेसनला तारीख चालत नाही

ताई, फंक्शन केलं. इम्पोर्ट आता खरंच झटक्यात होतो, अनेक आभार. सध्या एकीनंतर एकच चालवतोय. नंतर गोळा सतत चालू ठेवायचा विचार आहे, पण ते नंतर बघू.

जेसन लिहायला गेलो तर टाइप-एरर आली. डेटटाइम ऑब्जेक्ट जेसनमध्ये लिहिता येत नाही म्हणतोय. प्रत्येक वेळ हाताने स्ट्रिंग करायची का?

मधलीसुट्टी – पिकल!

पिकल वापरा की राव, ऑब्जेक्ट आहे तसं फाइलमध्ये ठेवणारं पायथनचंच मॉड्यूल. डम्प म्हणा, लोड म्हणा. डेटटाइम, टपल, सेट, तुमचे स्वतःचे क्लास, सगळं जसंच्या तसं परत येतं. फाइल उघडताना बायनरी मोड तेवढा विसरू नका. जेसनच्या नादाला लागून टाइप कशाला घालवायचे?

टर्मिनलवासी – पिकल जपून

मधलीसुट्टी यांच्याशी अर्धा सहमत. स्वतःच लिहिलेली आणि स्वतःच वाचायची तात्पुरती फाइल असेल तर पिकल झकास आहे. त्यापलीकडे मी हात लावत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

पिकल फाइल म्हणजे नुसता डेटा नसतो. ऑब्जेक्ट परत कसं उभं करायचं याच्या सूचना तिच्यात असतात आणि लोड करताना त्या सूचना पाळल्या जातात. कोणी खोडसाळपणे तिच्यात 'ही कमांड चालव' असं घालून ठेवलं तर लोड करताक्षणी ती चालेल. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये अगदी वरच लाल चौकटीत इशारा आहे, की ज्याच्यावर भरवसा नाही असा डेटा अनपिकल करू नका. मेलमधून आलेली, कोणालाही लिहिता येईल अशा फोल्डरमधली किंवा नेटवर्कवरून आलेली पिकल फाइल म्हणूनच वर्ज्य.

दुसरी अडचण जास्त लोकांना आडवी येते. समजा गोळामध्येच तुम्ही 'नोंद' नावाचा क्लास लिहिलात, गोळा थेट चालवलीत आणि त्या क्लासची ऑब्जेक्टं पिकल केलीत. पिकल क्लासचा कोड साठवत नाही, फक्त त्याचा पत्ता साठवतो. गोळा थेट चालवल्यामुळे तो पत्ता होतो 'डंडर-मेन मधला नोंद'. आता आलेखमध्ये लोड करा. तिथे डंडर-मेन म्हणजे आलेख स्वतः, आणि तिच्यात 'नोंद' नावाचं काही नाही. ॲट्रिब्यूट-एरर येते, आणि 'काल तर चालत होतं' म्हणत माणूस दोन तास घालवतो. नेम्ड-टपलचंही तेच. उपाय सोपा आहे. क्लास तिसऱ्या फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही स्क्रिप्टनी तो तिथून इम्पोर्ट करायचा.

तिसरी गोष्ट आवृत्तीची. पिकलचे प्रोटोकॉल असतात. प्रोटोकॉल ४ आला पायथन ३.४ मध्ये आणि ५ आला ३.८ मध्ये. ३.८ पासून न सांगता ४ वापरला जायचा, ३.१४ पासून ५ वापरला जातो. ३.१४ ने न सांगता लिहिलेली फाइल ३.७ ने उघडायला गेलात तर 'हा प्रोटोकॉल माहीत नाही' म्हणून अडेल. लिहितानाच प्रोटोकॉलचा आकडा देऊन टाकला की हा प्रश्न मिटतो.

जेसनच्या बाजूने माझा मुद्दा साधा आहे. ती फाइल एडिटरमध्ये उघडून वाचता येते. आकडे चुकले तर गोळा चुकली की आलेख, हे मिनिटात कळतं.

अर्धविराम – डेटटाइमचं

प्रत्येक वेळ हाताने बदलायची गरज नाही. जेसनच्या डम्पला 'डीफॉल्ट' नावाचा पॅरामीटर आहे. त्याला एक फंक्शन द्यायचं. जे ऑब्जेक्ट जेसनला जमत नाही ते त्या फंक्शनकडे येतं. तिथे डेटटाइम असेल तर 'आयसोफॉरमॅट' बोलवा, नसेल तर टाइप-एरर उठवा. बरेच जण तिथे नुसतं 'एसटीआर' देऊन मोकळे होतात. ते चालतं, पण मग नको ती ऑब्जेक्टंही गुपचूप स्ट्रिंग होऊन फाइलमध्ये जातात आणि घोटाळा वाचताना उघडा पडतो. वाचताना 'फ्रॉमआयसोफॉरमॅट' वापरा. ते पायथन ३.७ पासून आहे. ३.११ च्या आधी ते थोडं हट्टी होतं, शेवटी झेड (म्हणजे यूटीसी वेळ) लावलेली वेळ त्याला वाचता यायची नाही. पण तुमच्याच आयसोफॉरमॅटने लिहिलेलं असेल तर काही अडणार नाही.

फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, दोन्हीकडे. विंडोजवर न लिहिता उघडलेली फाइल बहुतेक वेळा जुन्या कोडपेजमध्ये (विंडोजच्या जुन्या अक्षरसंकेतात) उघडते आणि देवनागरीची रांगोळी होते.

नोंदी लाखांत गेल्या तर एकच भलंमोठं जेसन करू नका. एका ओळीला एक नोंद, प्रत्येक ओळ स्वतंत्र जेसन, असं लिहा. वाचताना सगळं मेमरीत घ्यावं लागत नाही, आणि गोळा मधेच बंद पडली तरी आधीच्या ओळी शाबूत राहतात. पांडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी वापरत असाल तर पार्के हा फाइल प्रकार बघा, त्यात कॉलमांचे टाइप टिकतात. सीएसव्हीत टिकत नाहीत.

नवी_पालवी – माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते

धाग्यावर थोडं अतिक्रमण करतेय, वेगळा धागा काढायचा आळस. माझ्या दोन स्क्रिप्ट दोन वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमध्ये आहेत. एकीची लायब्ररी जुन्या पायथनवरच चालते, दुसरीला नवा लागतो. म्हणजे इम्पोर्ट करणं शक्यच नाही. पहिलीतून दुसरी चालवायची, तिला एक लिस्ट द्यायची आणि तिचं उत्तर परत घ्यायचंय. सबप्रोसेसने (दुसरा प्रोग्रॅम चालवणारं मॉड्यूल) केलंय, लहान लिस्टला चालतं. मोठी लिस्ट दिली की दोन्ही गप्प बसून राहतात, एररही नाही. कंट्रोल-सी मारूनच बाहेर यावं लागतं.

टर्मिनलवासी – गप्प का बसतात

नवी_पालवी, नक्की कसं लिहिलंय? 'पीओपन' उघडून आधी 'वेट' आणि मग आउटपुट वाचताय का?

नवी_पालवी

हो! अगदी तसंच. आधी ती संपू दे, मग वाचू, असा हिशेब.

टर्मिनलवासी – मग तेच कारण

दोन प्रोसेसमधली डेटाची नळी म्हणजे पाइप, आणि तो अमर्याद नसतो. लिनक्सवर त्याचा बफर न सांगता ६४ केबी असतो. तुमच्या दुसऱ्या स्क्रिप्टने तेवढं लिहिलं की पाइप भरतो आणि तिचं पुढचं प्रिंट अडून राहतं, कोणीतरी वाचून जागा करेपर्यंत. वाचायचं तुम्ही, आणि तुम्ही वेटमध्ये बसून तिच्या संपण्याची वाट बघताय. ती तुमच्यासाठी थांबलीय, तुम्ही तिच्यासाठी. पहिले आप, पहिले आप. लहान लिस्टचं उत्तर ६४ केबीत मावतं म्हणून तिथे काही जाणवत नाही.

वेट काढा आणि 'कम्युनिकेट' वापरा. ते एकीकडे इनपुट देतं, दुसरीकडे आउटपुट आणि एररचा प्रवाह दोन्ही वाचत राहतं. त्याहून बरं म्हणजे पीओपनच सोडा आणि 'सबप्रोसेस डॉट रन' घ्या, पायथन ३.५ पासून आहे. आतून ते कम्युनिकेटच वापरतं. 'इनपुट' पॅरामीटरमध्ये जेसनची स्ट्रिंग द्या, 'कॅप्चर-आउटपुट' ट्रू करा (हा ३.७ पासूनचा), 'एन्कोडिंग' यूटीएफ-८ द्या आणि 'चेक' ट्रू ठेवा. चेक नसेल तर दुसरी स्क्रिप्ट धाडकन पडली तरी पहिली काही झालंच नाही अशा थाटात पुढे जाते.

आता वेगळ्या एन्व्हायरन्मेंटचं. ॲक्टिव्हेट वगैरे करायची गरज नाही. कमांडच्या लिस्टमध्ये पहिला घटक म्हणून त्या एन्व्हायरन्मेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या. लिनक्सवर आणि मॅकवर तो 'बिन' फोल्डरमध्ये असतो, विंडोजवर 'स्क्रिप्ट्स'मध्ये. तोच पायथन स्वतःच्या लायब्रऱ्या शोधून घेतो. दोन्ही एकाच एन्व्हायरन्मेंटमध्ये असत्या तर तिथे 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' दिलं असतं. नुसतं 'पायथन' लिहिलं की पाथमध्ये जो आधी सापडेल तो चालतो, आणि तो आपला असेलच असं नाही.

कमांड लिस्ट म्हणूनच द्या, एक लांबलचक स्ट्रिंग करून 'शेल' ट्रू करू नका. फाइलच्या नावात एक स्पेस आली की ते मोडतं, आणि नाव बाहेरून येत असेल तर कोणी त्यात दुसरी कमांड घुसवू शकतं.

लिस्ट आर्ग्युमेंट म्हणून देत असाल तर तेही सोडा. 'सिस डॉट आर्गव्ही'मध्ये येतं ते सगळं स्ट्रिंगच असतं, ४२ दिलंत तरी पलीकडे '४२' ही स्ट्रिंग मिळते. शिवाय मर्यादा आहे. विंडोजवर अख्खी कमांडलाइन ३२,७६७ अक्षरांची, लिनक्सवर एकेक आर्ग्युमेंट साधारण १२८ केबीचं. आर्ग्युमेंटमध्ये पर्याय द्यावेत, फाइलचं नाव द्यावं, फार तर एखादी तारीख. डेटा स्टँडर्ड इनपुटमधून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये शिस्त पाळा. स्टँडर्ड आउटपुटवर फक्त उत्तराचं जेसन. 'फाइल वाचतोय', 'झालं' असले प्रिंट सगळे स्टँडर्ड एररवर. प्रिंटला 'फाइल' पॅरामीटरमध्ये 'सिस डॉट एसटीडीईआरआर' दिलं की झालं. लॉगिंग मॉड्यूल न सांगता तिकडेच लिहितं. नाहीतर पहिल्या स्क्रिप्टला जेसनच्या आधी 'सुरू झाले बरं का' मिळतं आणि ती पहिल्याच अक्षराला अडखळते. एखादी आगाऊ लायब्ररी इम्पोर्ट होतानाच स्टँडर्ड आउटपुटवर काहीतरी छापत असेल तर उत्तर सरळ फाइलमध्ये लिहा आणि फाइलचा पत्ता आर्ग्युमेंटमधून द्या. भांडत बसू नका.

मधलीसुट्टी – प्रिंट उशिरा दिसतात

याच्याशी जोडून एक. सबप्रोसेसमधून चालवलेल्या स्क्रिप्टचे प्रिंट शेवटी एकदम येतात, एकेक करून येत नाहीत. तेही पाइपमुळेच का?

टर्मिनलवासी

तेही पाइपमुळेच, पण बफर वेगळा. हा पायथनच्या आतला. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेलं असेल तर ओळ संपली की मजकूर बाहेर जातो. पाइपला किंवा फाइलला जोडलेलं असेल तर गठ्ठा जमला की मगच. प्रिंटमध्ये 'फ्लश' ट्रू करा, नाहीतर पायथन चालवतानाच 'वजा यू' हा पर्याय द्या. वाचणाऱ्या बाजूला मग पीओपन घेऊन आउटपुटवर ओळ-ओळ लूप फिरवा. तेवढ्या एका कामासाठी पीओपन लागतोच, रन सगळं संपल्यावर परत येतो.

नवी_पालवी – चाललं, पण विंडोजवर एक गोम

रन वापरलं, मोठ्या लिस्टलाही चाललं! मात्र ऑफिसच्या विंडोज मशीनवर दुसरी स्क्रिप्ट युनिकोड-एन्कोड-एरर देते. एन्कोडिंग यूटीएफ-८ तर दिलंय.

अर्धविराम

ते तुम्ही पहिल्या बाजूला दिलंय. पाइपच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पायथनला ते कळत नाही, तो स्वतःच्या मशीनचं कोडपेज धरून लिहायला जातो आणि देवनागरी अक्षर आलं की अडतो. दुसऱ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सिस डॉट एसटीडीआउट'वर 'रीकॉन्फिगर' बोलावून यूटीएफ-८ करा, इनपुटसाठी 'एसटीडीइन'वरही तेच. किंवा चालवताना 'पायथनयूटीएफ८' हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल १ करा. ते देताना 'ओएस डॉट एन्व्हायरन'ची कॉपी काढून तिच्यात भर घाला. रनच्या 'एन्व्ह' पॅरामीटरला एकच की असलेली डिक्शनरी दिलीत तर बाकीची सगळी व्हेरिएबल्स पुसली जातात आणि विंडोजवर पायथन कधी कधी धड सुरूही होत नाही.

गंमत म्हणजे जेसनच्या डम्पमध्ये 'एन्शुअर-आस्की' हा पर्याय आपोआप ट्रू असतो. तो तसाच ठेवला तर प्रत्येक देवनागरी अक्षर साध्या आस्कीतल्या सांकेतिक रूपात जातं आणि कुठलंही कोडपेज असलं तरी सुखरूप पोचतं. तुम्ही तो फॉल्स केला असणार. माणसाने वाचायच्या फाइलसाठी ते योग्य आहे, पाइपसाठी कशाला?

नवी_पालवी

फॉल्सच केला होता. काढला, चाललं. _/\_

शिकाऊ_उमेदवार – आता दोन्ही एकाच वेळी

माझ्या धाग्यावर परत येतो. :) ताईंनी विचारलं होतं ना, तिथे पोचलो. गोळा आता सतत चालू राहणार, दर मिनिटाला नव्या नोंदी घेणार. आलेख कधीही उघडली तरी ताजं चित्र दिसलं पाहिजे. जेसन फाइल दर मिनिटाला नव्याने लिहितोय, पण मधूनच आलेखला अर्धवट जेसन मिळतं आणि ती पडते. आता तरी रेडिस का?

खटपट्या – सॉकेट

गोळामध्ये सॉकेट (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची जोडणी) उघडून ठेवा, लोकलहोस्टवर म्हणजे त्याच मशीनवर. आलेख जोडणी करेल आणि विचारेल. फाइलची भानगडच नको.

टर्मिनलवासी

सॉकेट म्हटलं की नवशिक्याला पहिला चकवा बसतो तो असा. टीसीपी म्हणजे बाइटांचा सलग प्रवाह आहे, त्याला 'एक निरोप' ही कल्पनाच नाही. एका सेंडने पाठवलेलं पलीकडे तीन रिसीव्हमध्ये तुकड्यांनी येऊ शकतं, दोन सेंडचं एकात येऊ शकतं. म्हणून आधी लांबी पाठवायची, मग मजकूर, आणि तेवढे बाइट पुरे होईपर्यंत वाचत राहायचं. चाचणीत लहान मजकूर दरवेळी एका झटक्यात येतो, त्यामुळे ही चूक लक्षातच येत नाही.

सॉकेटच हवं असेल तर मल्टिप्रोसेसिंगच्या 'कनेक्शन' मॉड्यूलमधले लिसनर आणि क्लायंट वापरा. एकमेकींशी काही नातं नसलेल्या दोन स्क्रिप्टही त्यावरून बोलू शकतात, निरोपाच्या सीमा ते स्वतः सांभाळतं, 'ऑथ-की' म्हणजे ओळख पटवायची गुप्त कीही देता येते. आतून मात्र पिकल आहे, तेव्हा वरचा इशारा तिथेही लागू. (मल्टिप्रोसेसिंगमधली क्यू मात्र इथे कामाची नाही. ती एका पालक प्रोसेसने जन्माला घातलेल्या प्रोसेसांसाठी असते, दोन टर्मिनलमध्ये वेगवेगळ्या सुरू केलेल्यांसाठी नाही.)

अर्धविराम – फाइलच ठेवा, पण नीट लिहा

शिकाऊ, तुमचं काम सॉकेटचं नाही असं माझं मत. सॉकेट म्हणजे गोळाने नोंदी घेता घेता पाहुण्यांची सरबराईही करायची. त्यासाठी थ्रेड आले, आणि गोळा बंद असेल तर आलेखला काहीच मिळणार नाही. तुम्हाला तर गोळा पडलेली असतानाही शेवटचं चित्र दिसायला हवं.

अर्धवट जेसनचं कारण म्हणजे फाइल लिहिण्यासाठी उघडली की आधी ती रिकामी होते, मग हळूहळू भरते. आलेख नेमकी त्या मधल्या वेळात पोचते. त्यामुळे खऱ्या फाइलवर लिहायचंच नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, बंद करा, आणि मग 'ओएस डॉट रिप्लेस'ने ती खऱ्या नावावर आणा. नाव बदलणं एका फटक्यात होतं. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल मिळते नाहीतर पूर्ण नवी. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची ती यासाठी की दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर रिप्लेस अडतो. विंडोजवर आलेखने फाइल उघडी धरलेली असेल तर रिप्लेसला परवानगी नाकारली जाऊ शकते, तेव्हा क्षणभर थांबून परत प्रयत्न करायचा.

पण दर मिनिटाला अख्खी डिक्शनरी परत लिहिणं फार दिवस पुरणार नाही. तुमच्याकडे आहेत क्रमाने वाढत जाणाऱ्या नोंदी. त्या सरळ एसक्यूलाइटमध्ये टाका, म्हणजे एका फाइलमध्ये मावणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये. वेगळं काही बसवायचं नाही, पायथन २.५ पासून ते मॉड्यूल सोबतच येतं. एक टेबल, तीन कॉलम, सेन्सर, वेळ, तापमान. गोळा भर घालेल आणि कमिट करेल. आलेख हव्या तेवढ्याच नोंदी विचारेल, सगळ्या नाही, आणि हा फायदा जेसनमध्ये कधीच मिळाला नसता. वेळ आयसो स्ट्रिंग म्हणूनच साठवा. डेटटाइम थेट देण्याची जुनी सोय पायथन ३.१२ मध्ये बाद ठरवली आहे.

एकदाच 'प्रॅग्मा' (एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची कमांड) देऊन जर्नल मोड 'वॉल' करून ठेवा, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिले जातात. ती सेटिंग फाइलमध्येच टिकते. वॉलमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. दुसरी गोळा सुरू केलीत तर तिला रांगेत थांबावं लागतं, पायथनमध्ये न सांगता ५ सेकंद, त्यानंतर 'डेटाबेस इज लॉक्ड'. ही फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका, वॉल तिथे चालत नाही. बॅकअप घेताना शेजारी दिसणारी वॉलची फाइल सोडून नुसती मुख्य फाइल उचलली तर ताज्या नोंदी मागे राहतात. कनेक्शनवरचं 'बॅकअप' फंक्शन वापरा.

रेडिस वाईट नाही. अनेक मशीनवरच्या अनेक स्क्रिप्ट एकमेकींशी बोलणार असतील तर जरूर घ्या. एका मशीनवरच्या दोन स्क्रिप्टसाठी आणखी एक सर्व्हर जिवंत ठेवायची जबाबदारी मी तरी घेणार नाही.

खटपट्या

एसक्यूलाइटला अनुमोदन, सॉकेट मागे घेतो. मधे गोळा पडून परत सुरू झाली तर त्याच नोंदी दोनदा जाऊ नयेत म्हणून सेन्सर आणि वेळ मिळून प्रायमरी की करा, आणि भर घालताना 'इन्सर्ट ऑर इग्नोर'.

शिकाऊ_उमेदवार – एसक्यूलाइट चालू, एक शेवटचं

गोळा आणि आलेख दोन्ही एकदम चालतायत, आलेख क्षणात येतो. सगळ्यांचे आभार. जुन्या नोंदी त्या जेसन फाइलमधून एसक्यूलाइटमध्ये भरताना मात्र एक विचित्र प्रकार झाला. डिक्शनरीत ७ ही की डोळ्यांना दिसतेय, पण ७ मागितलं की की-एरर. आणि टपल होते तिथे लिस्ट आल्यात.

टर्मिनलवासी

जेसनमध्ये की ही नेहमी स्ट्रिंगच असते. लिहिताना तुमचा ७ हा आकडा मुकाट्याने '७' ही स्ट्रिंग झाला, आणि वाचताना पायथन तो परत आकडा करत नाही. जेसनला टपलही माहीत नाही, म्हणून लिस्ट. भरताना कीवर 'इंट' लावा. लिस्टचं काही करायची गरज नाही, 'एक्झिक्युटमेनी'ला ओळ म्हणून लिस्टही चालते. मात्र तुमच्या जोड्यांमध्ये सेन्सरचा क्रमांक नाही, तो प्रत्येक ओळीत पुढे जोडून मग द्या.